एक पान, दोन हात : सीमाभागातील जमीन-दप्तराविषयी



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी पहाणीचा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु पाठभेदांची चिकित्सा करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला एकाच पानावर दोन हात चालले की काय होते हा प्रश्न परका नाही. कोहिनूरच्या परिसरात तर ते पान जमिनीचे असते. त्यातली एक ओळ गळली, की एखाद्या विधवेचा हिस्साच गळतो.

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बीदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) हे जिल्हे हैदराबादकडे होते. निजामी अमलात सरकारी भाषा उर्दू आणि महसुली वर्ष फसली. शेतकरी मात्र मराठी वा कानडी बोलणारा. दप्तर वतनदार पटवाऱ्याच्या ताब्यात असे, बहुधा त्याच्या घरीच. या व्यवस्थेची निंदा पुष्कळ झाली आणि ती यथार्थच आहे. तथापि तिच्यात एक गोष्ट आपोआप साधत असे. दप्तर एक, लेखणी एक. दोघांनी एकाच वेळी लिहिण्याचा प्रसंगच उद्भवत नसे. त्याची किंमत म्हणजे सारे गाव त्या एका उंबरठ्यावर ताटकळत असे. पुढे म्हैसूर राज्याने १९६१ च्या कायद्याने ही वतनी पदे रद्द केली आणि पगारी ग्रामलेखपाल आले.

मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंद सुरू झाली. तिथली शिस्त मला अधिक सूक्ष्म वाटते. फेरफार प्रथम स्वतंत्र नोंदवहीत लिहायचा आणि हक्कपत्रकात त्याचा क्रमांक केवळ पेन्सिलीने टाकायचा. नोटीस, हरकत, चौकशी होऊन नोंद प्रमाणित झाली की मग शाई. सुटलेले नाव खोडून नाहीसे करायचे नाही, त्याला कंस करायचा. आजही उमरगा-निलंग्याकडच्या सातबाऱ्यावर ‘नावाला कंस झाला’ हे शब्द ऐकू येतात. पेन्सिलीचा तो आकडा पुढच्या लेखनिकाला बजावत असे की या जमिनीवर काही चालू आहे, थांब.

कर्नाटकात २००१ च्या सुमारास ‘भूमी’ योजनेने सुमारे २ कोटी पहाण्या, ६७ लाख शेतकऱ्यांच्या, संगणकावर आणल्या आणि हस्तलिखित पहाणी बाद केली. पटवाऱ्याचा उंबरठा गेला. परंतु एका पानापाशी आता अनेक हात पोहोचू शकतात.

समजा, दोन कारकुनांनी एकाच सर्व्हे नंबरचे पान सकाळी आपापल्या पडद्यावर उघडले. पहिल्याने मृत खातेदाराच्या पत्नीची व मुलींची नावे वारस म्हणून लावून अकरा वाजता पान जतन केले. दुसऱ्याने पाच मिनिटांनी बँकेचा बोजा चढवला. त्याच्यापुढचे पान मात्र सकाळचेच होते, आणि भाबड्या यंत्राने ते सबंध पान नव्यावर ठेवून दिले. वारसांची नावे गेली. कोणी खोडली नाहीत, कोणी लाच खाल्ली नाही. म्हणूनच तक्रार कोणाविरुद्ध करावी हेही कळत नाही.

यावर संगणकशास्त्राने दोन वाटा काढल्या. एक, पान उघडताच त्याला कुलूप घालणे. हा पटवाऱ्याचाच मार्ग. कारकून चहाला गेला की बाकीचे खोळंबले. दुसरी वाट कुंग आणि रॉबिन्सन या अभ्यासकांनी १९८१ मध्ये मांडली. वाचताना कोणालाही अडवू नये. जतन करताना मात्र, मधल्या काळात पान बदलले का, हे तपासावे. सामान्यतः प्रत्येक पानाला आवृत्ती-क्रमांक देतात. आपण सातवी आवृत्ती वाचली आणि जतन करतेवेळी आठवी निघाली, तर यंत्र नकार देते आणि नवे पान पुढे ठेवते. पेन्सिलीच्या आकड्याशी या क्रमांकाचे नाते आपल्या ध्यानी आलेच असेल.

‘भूमी’त आणखी एक बंधन होते. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, आणि काम करणाऱ्याची ओळख बोटाच्या ठशावरून पटवायची. रांग मोडता येऊ नये, हा हेतू. मात्र दोन भाऊ एकाच तुकड्यावर हक्क सांगतात, तिथे रांगेत पहिला कोण याने काही ठरत नाही. तिथे सुनावणीच हवी. आपल्या वाङ्मयात याहून उदार उदाहरण आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत गेली, तेव्हा महानुभावांनी स्मरणातून पाठ जुळवले आणि न जुळणारे पाठ ‘वासना’ म्हणून शेजारी लिहून ठेवले. पोथीला दोन पाठ मानवतात. चार एकरांना दोन पूर्ण मालक मानवत नाहीत.

पुण्या-हैदराबादेत स्थिरावलेल्या आपल्यातील अनेकांच्या नावे इथे वडिलार्जित शेत आहे. वारसाची नोंद मंजूर झाली की पहाणी काढून एकदा वाचावीच. पुढे बोजा किंवा वाटणीची दुसरी नोंद झाली की पुन्हा काढावी आणि आधीची सगळी नावे तिच्यावर आहेत ना, हे फेरफाराच्या क्रमांकासह ताडून पाहावे.