संगणकाचें महाद्वार

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथील देवालयासंबंधीं एक आख्यायिका महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. पूजेंत व्यत्यय येतो म्हणून नामदेवांस कीर्तनासाठीं देवळाच्या मागील बाजूस धाडण्यांत आलें, तेव्हां देऊळच फिरलें व भक्ताच्या सन्मुख झालें, असें भाविक सांगतात. आणि साक्ष म्हणून देवळामागील नंदीकडे बोट दाखवितात. या कथेची ऐतिहासिकता कशीहि असो, तींत एक मार्मिक प्रश्न दडलेला आहे. द्वारानें माणसाकडे वळावें, कीं माणसानेंच द्वार शोधीत फिरावें? संगणक सुरू करतांच जो प्रवेशाचा पडदा समोर येतो, त्याच्या इतिहासांतहि हाच प्रश्न वारंवार उपस्थित झालेला आढळतो.

आरंभींच्या संगणकांस द्वारपाल नव्हता. यंत्र एका वेळीं एकाचेंच काम करी. मग ओळख कोणाची पटवावयाची? १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं एकाच यंत्रावर अनेकांस एकदम काम करतां येईल अशी व्यवस्था सिद्ध केली. बिऱ्हाडें अनेक झालीं, तेव्हां प्रत्येकाच्या खोलीस कुलूप आलें. तें कुलूप म्हणजे परवलीचा शब्द. परंतु नवा पहारा फार कच्चा होता. १९६२ सालीं ॲलन शेर या विद्यार्थ्यानें यंत्रावर अधिक वेळ मिळावा म्हणून परवलीच्या शब्दांची सगळी यादीच छापून घेतली; आणि १९६६ सालीं दोन दस्तऐवजांची अदलाबदल होऊन, प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास दिवसाच्या सूचनेऐवजीं सर्वांचे गुप्त शब्दच वाचावयास मिळाले! शब्द मूळ रूपांत सांठवूं नये, ज्यावरून तो उलट काढतां येत नाहीं असें त्याचें रूपांतरच ठेवावें, हा धडा रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनीं १९७९ सालच्या आपल्या निबंधांत विशद केला.

तोंपर्यंत द्वाराचें रूप मात्र अगदीं रुक्ष होतें. काळ्या पडद्यावर ‘लॉगिन’ हा एकच शब्द व त्यापुढें दोन टिंबें. १९८४ सालीं त्याच मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेंत ‘एक्स’ नामक चित्रमय पद्धतीचा आरंभ झाला, आणि १९८८ सालीं तिला ‘एक्सडीएम’ नांवाचा द्वारपाल मिळाला. स्वागताचें वाक्य, अक्षराचा वळसा, रंग इत्यादि गोष्टी साध्या मजकुराच्या दस्तऐवजांत लिहून ठेवावयाच्या, आणि द्वारपालानें त्या वाचून पडदा सजवावयाचा, अशी त्याची रीत होती. पुढें निरनिराळ्या मंडळींनीं आपापले द्वारपाल निर्माण केले. २०१० सालीं आलेल्या ‘लाइटडीएम’नें तर श्रमविभागच केला: ओळख पटविणारा निराळा आणि दर्शनी पडदा रंगविणारा निराळा. त्यामुळें पहाऱ्यास धक्का न लावतां पडद्याचें रूप पालटणें सुकर झालें.

मराठी माणसाच्या दृष्टीनें मात्र खरी अडचण पडद्याच्या शोभेंत नव्हती. ती अक्षरांत होती. १९९१ च्या भारतीय मानकानें देवनागरीची संकेतपद्धति व ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळफलकाची मांडणी निश्चित केली. तींत स्वर डाव्या हाताकडे, व्यंजनें उजव्या हाताकडे. २००४ सालीं ‘लोहित’ हे मुक्त टंक उपलब्ध झाले. १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें २००७ सालीं ‘बॉस’ ही मुक्त प्रणाली प्रसिद्ध केली, आणि तींत मराठीसहि स्थान मिळालें. द्वारावरचा मजकूर आतां मराठींत वाचतां येऊं लागला.

तरीहि एक पेंच उरतो, आणि तो बारकाईनें समजून घेण्यासारखा आहे. परवलीचा शब्द रोमन अक्षरांत ठरविलेला असतो. पडदा उघडतांना कळफलक देवनागरी मांडणींत असला, तर त्याच कळा दाबूनहि अक्षरें भलतींच उमटतात. पडद्यावर तर केवळ ठिपके! माणसास वाटतें, शब्दच विसरला. यंत्र म्हणतें, शब्द चुकीचा. दोघांचेंहि खरें, आणि द्वार बंदच! यावर उपाय सोपा आहे. दोन्ही मांडण्या नोंदवून रोमन पहिली ठेवावी, आणि चालू मांडणीचें चिन्ह पडद्याच्या कोपऱ्यांत दिसेल अशी योजना करावी. त्याचप्रमाणें वापरकर्त्याचें आंतील नांव रोमन ठेवून, त्याचें पूर्ण नांव देवनागरींत लिहावें. पडद्यावर बहुधा तेंच दिसतें.

१ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून निराळा झालेल्या हिंगोली जिल्ह्यांत पांच तालुके आहेत. तेथील असो वा अन्य कोणत्याहि गांवचें असो, ज्या कचेरींत एकच संगणक चौघांच्या हातीं असतो, तेथें या मांडणीचें महत्त्व शतगुण वाढतें. परवलीचा शब्द न विचारतां आपोआप आंत सोडण्याची सोय दस्तऐवजांतील एका ओळीनें होते. घरीं एकट्याच्या यंत्रास ती क्षम्य आहे. परंतु जेथें लोकांच्या जमिनीचे व जन्ममृत्यूचे दाखले हाताळले जातात, तेथें अमुक नोंद कोणी केली याचा मागच त्यायोगें पुसला जातो. सर्वांची नांवें दर्शनी पडद्यावर मांडणेंहि तेथें टाळावें. तीहि एका ओळीचीच गोष्ट आहे.

द्वार माणसाकडे वळावें हें खरें. परंतु वळणें म्हणजे सताड उघडें राहणें नव्हे. येणाऱ्यास त्याच्या भाषेंत ‘या’ म्हणावें, आणि तरीहि ‘आपण कोण?’ हें विचारल्यावांचून आंत घेऊं नये, एवढाच द्वारपालाचा धर्म आहे.