खाण सुटते, विष सुटत नाही : मँगनीजची दोन शतके

१/ वरठी म्हणजे भंडारा रोड स्थानकाचे गाव. याच लोहमार्गावर पुढे तुमसर रोड लागते. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. पोलादाला कणखरपणा देणारे हे खनिज माणसाच्या देहात काय करते, त्याचा हा इतिहास.

२/ १८३७, ग्लासगो. विरंजक चूर्ण बनवण्यासाठी मँगनीज डायऑक्साइड दळणारे काही कामगार कूपर या वैद्यकाने तपासले. पाय लुळे, चालताना तोल पुढे, आवाज क्षीण, तोंडातून लाळ. मँगनीजच्या विषबाधेची ही पहिली नोंद.

३/ बारीक धूळ श्वासावाटे रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते. हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांत ती साठते. आरंभी चिडचिड, निद्रानाश, अकारण हसणे-रडणे. पुढे निर्विकार चेहरा आणि चवड्यांवरची चाल. लक्षणे पार्किन्सनच्या व्याधीसारखी. मात्र त्या व्याधीवरील औषधाने येथे सहसा टिकाऊ गुण येत नाही.

४/ १९५५ मध्ये रोदिए यांनी मोरोक्कोच्या खाणकामगारांतील ही विषबाधा सविस्तर मांडली. १९६७ मध्ये चिलीतील अभ्यासाने आणखी एक विदारक सत्य पुढे आणले. खाण सोडलेल्या रुग्णांच्या शरीरातील मँगनीज बव्हंशी निघून गेले होते. मेंदूची हानी तेवढी मागे राहिली होती.

५/ म्हणजे पुरावा नाहीसा होतो, व्याधी राहते. मग थरथरणारे हात वार्धक्याच्या खाती जमा होतात आणि अनावर हसू वेडाच्या.

६/ भारतीय कायद्याला हे विष अपरिचित नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातील सूचनीय व्याधींच्या यादीत ते होते. १९५२ च्या खाण कायद्याचे कलम २५ तर अधिक दूरदर्शी होते : खाणीत काम करणाऱ्याच नव्हे, पूर्वी काम केलेल्या माणसालाही अधिसूचित व्याधी झाल्याचे आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते मुख्य निरीक्षकांना कळवायचे असे.

७/ परंतु अशी तरतूद जागी होण्यास डॉक्टरला रुग्णाचा भूतकाळ ठाऊक हवा. इटालियन वैद्य रामाझिनी यांनी तीन शतकांपूर्वीच सांगून ठेवले होते, की रुग्णाला त्याचा धंदाही विचारावा.

८/ निवृत्त खाणकामगार दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या रक्तात कदाचित काहीच सापडणार नाही. त्याची साक्ष एकाच प्रश्नाच्या उत्तरात उरलेली असते : ‘‘बाबा, आधी काय काम करायचात?’’