विमानप्रवासातील चेक-इन (जालना जिल्हा)

विमान सुटण्यापूर्वी प्रवाशाने आपली उपस्थिती नोंदवून बोर्डिंग पास घेण्याची व सामान सोपवण्याची प्रक्रिया. जालना जिल्ह्यातून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. प्रवाशांना जवळचा विमानतळ छत्रपती संभाजीनगरचा, चिकलठाणा येथील. तो शहराच्या पूर्वेला जालना रस्त्यावरच असल्याने जालनेकरांना शहराची गर्दी ओलांडावी लागत नाही, ही मोठीच सोय.

इंडिगोसारख्या कंपन्यांचे वेब चेक-इन सुमारे 48 तास आधी खुले होते. ते घरूनच उरकावे. मात्र मोठी बॅग काउंटरवर द्यावीच लागते. देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर साधारणपणे 60 मिनिटे आधी बंद होतो आणि त्यानंतर विनंतीचा उपयोग होत नाही. म्हणून दोन तास आधी पोचावे. मुंबईहून परदेशी जाणाऱ्यांनी तीन तास धरावेत.

तिकिटावरील नाव आधार किंवा अन्य छायाचित्र ओळखपत्राशी जुळले पाहिजे. पॉवर बँक हातातील बॅगेतच ठेवावी, कारण लिथियम बॅटरीला आग लागल्यास ती केबिनमध्ये लगेच विझवता येते. गावाकडून निघताना हमखास बांधून दिले जाणारे सुके खोबरे तेलकट व ज्वलनशील असल्याने सामानात अडवले जाते.