सामाईक भिंतीवरचा तिसरा मजला

लंडनच्या उपनगरी रेल्वेमार्गांलगत व्हिक्टोरियन काळातल्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा आहेत. रस्त्याकडून त्यांची छपरं जशीच्या तशी दिसतात. रुळांच्या बाजूने मात्र घरांची पाठ दिसते, आणि तिथे किती तरी घरांचं उतरतं छप्पर कापून त्यातून चौकोनी खोली बाहेर काढलेली असते. हेच डॉर्मर. जिथे पूर्वी पाण्याची टाकी आणि अडगळ असायची, तिथे आता एक झोपायची खोली आणि न्हाणीघर बसतं. असं का झालं, याचं उत्तर ठरलेलं असतं: जागेचे भाव. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. भाव पॅरिसमध्ये चढले, मुंबईतही चढले. पण म्हणून तिथल्या प्रत्येक कुटुंबाला आपल्यापुरतं छप्पर उघडून मजला चढवता आला नाही. लंडनकरांना ते जमलं, याचं श्रेय बहुतेक जण पोलादी तुळईला देतात. माझ्या मते पहिला मान त्या तुळईची टोकं ज्या भिंतीत बसतात, त्या भिंतीचा आहे. आणि ती भिंत कुणी मजला चढवायचा म्हणून बांधलेलीच नव्हती.

सप्टेंबर १६६६च्या आगीत लंडन शहरातली सुमारे तेरा हजार घरं जळाली. लाकडी घरं एकमेकांवर ओणवलेली, त्यामुळे आग छपरावरून छपरावर गेली. १६६७च्या पुनर्बांधणी कायद्याने नवी घरं विटांची किंवा दगडाची असावीत असं बंधन घातलं आणि दोन घरांमधली भिंत किती जाड हवी तेही ठरवून दिलं. १७०७च्या कायद्याने ही सामाईक भिंत छपराच्याही वर अठरा इंच चढवायला लावली. आजही लंडनच्या जुन्या रांगांमध्ये घरागणिक छपरातून विटांची कड वर आलेली दिसते, ती या धोरणाची खूण. १७७४च्या कायद्याने घरांच्या श्रेणी पाडून प्रत्येकीला जाडीचं माप लावलं. हेतू एकच, शेजारची आग इकडे येऊ नये. पण त्यातून न मागता आणखी एक गोष्ट पदरात पडली. प्रत्येक घराच्या दोन्ही अंगांना, पायापासून आढ्यापर्यंत, भार पेलणारी अखंड वीटभिंत तयार झाली, आणि दोन भिंतींमधलं अंतर बहुतेक ठिकाणी जेमतेम पाच मीटर राहिलं. एकोणिसाव्या शतकातल्या बांधकाम ठेकेदारांनी हाच साचा हजारो वेळा गिरवला.

अशा घराचं छप्पर साधं असतं. वासे आढ्यापासून वळचणीपर्यंत उतरतात, आणि मध्यावर एक आडवी लाकडी तुळई त्यांना तोलते. त्या तुळईची दोन्ही टोकं सामाईक भिंतींत रुतलेली असतात. खालच्या छताच्या कड्या चार इंच बाय दोन इंचाच्या. त्या फक्त प्लास्टर धरून ठेवण्यापुरत्या, माणसांचं चालणं-फिरणं त्यांच्या बेतात नाही. मागचं पाखं कापलं की ही जुनी तुळई जाते, वाशांचा आधार जातो, आणि पुढचं पाखं एकटं पडून घसरू पाहतं. म्हणून आढ्याखाली एक आणि नव्या खोलीच्या जमिनीच्या पातळीवर दोन अशा पोलादी तुळया साधारणपणे घालतात. कारागीर त्यांना आजही आर.एस.जे. म्हणतात. मीटरमागे पंचवीस किलोची तुळई घेतली, तरी घराच्या रुंदीला सव्वाशे किलो होतात. म्हणून ती बहुधा दोन तुकड्यांत वर चढवून बोल्टांनी जोडतात. भिंतीत खोबण पाडून तिच्यात काँक्रीटचा ठोकळा बसवतात, म्हणजे भार एका विटेवर न येता पसरतो. नव्या कड्या या पोलादाला लटकतात, जुन्या छताला टेकतही नाहीत. पोलाद इतक्या सहज हाती आलं त्यामागे बेसेमरची स्वस्तात पोलाद बनवण्याची १८५६ची पद्धत होती, मिडल्सब्रोच्या डोरमन लाँगसारखे कारखाने होते, आणि १९०१ साली नेमलेली ती अभियांत्रिकी समितीही होती, जिने बांधकामाच्या पोलादाचे १७५ आकार ११३वर आणले.  पण बघा, पोलादी तुळई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते, म्हणजे जुन्या लाकडी तुळईचीच वाट धरते.

यावर कुणी स्पिटलफील्ड्सकडे बोट दाखवेल. १६८५नंतर फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनॉट विणकरांच्या त्या वस्तीत माळ्यांवर रुंद खिडक्यांच्या खोल्या होत्या, उजेडात रेशमी माग चालावेत म्हणून. आणि पोलाद तर तिथे नव्हतंच. खरं आहे, आणि ते माझ्या बाजूचंच आहे. तिथे छप्पर राहण्याजोगं म्हणूनच रचलं होतं, आणि लाकूडही वीटभिंतींवरच टेकत होतं. पोलादाने नवीन केलं ते एवढंच, की बांधून झालेलं छप्पर नंतर कधीही कापता येऊ लागलं. दुसरी शंका जोडघरांची. तिथे सामाईक भिंत एकाच अंगाला असते, दुसऱ्या अंगाला छप्परच उतरतं. मग भिंतीवाचून कसं भागतं? भागत नाही. तिथे बहुतेकदा आधी बाहेरची भिंत त्रिकोणी करून आढ्यापर्यंत चढवतात आणि मग तुळई ठेवतात. जिथे भिंत नव्हती तिथे आधी ती उभी करावी लागते, याहून बोलका पुरावा मला दिसत नाही.

कायद्यानेही हेच ओळखलं. सामाईक भिंतीत तुळई घालण्याचा हक्क आणि शेजाऱ्याला दोन महिने आधी नोटीस देण्याचं बंधन, ही जुनी लंडनची रीत १९९६च्या कायद्याने सगळ्या इंग्लंड-वेल्सला लावली. डॉर्मरचा चौकोनी आकार मात्र नगररचनेच्या नियमांची देणगी. २००८च्या नियमांप्रमाणे रांगेतल्या घराला परवानगीशिवाय छपरात चाळीस घनमीटर वाढवता येतात, पण रस्त्याकडचं पाखं ओलांडायचं नाही आणि आढ्याच्या वर जायचं नाही. साहजिकच सगळी वाढ मागे ढकलली जाते आणि खोकं होते. ती कुरूप असल्याची तक्रार बऱ्याच अंशी रास्त आहे. पण वाढत्या कुटुंबाला आपला मोहल्ला, मुलांची शाळा न सोडता राहता येणं मला त्या कुरूपतेहून मोलाचं वाटतं.

१९६०नंतरच्या वसाहतींत गोष्ट वेगळी आहे. तिथे कारखान्यातून बनून येणाऱ्या बारीक लाकडी कैच्या वापरल्या; त्यांचे तिरके दांडे माळाभर आडवे येतात, आणि एक दांडा कापला तरी अख्खी कैची निकामी होते. लाकूड वाचलं, पण पुढच्या पिढीची खोली त्यात गेली. अशा छपरात मजला काढायचा, तर आधी पोलाद भिंतींवर टेकवून भार त्याच्यावर घ्यावा लागतो, आणि मगच एकेका कैचीला करवत लावता येते.