दादांचा प्रश्न आणि बेडकाचे हृदय

माझ्या लहानपणी आमच्या हट्ट्यात एका सालगड्याने धोत्र्याच्या बिया खाल्ल्या होत्या. दिवसभर बरळत होता, बायकोलाही ओळखेना. दुसऱ्या दिवशी मात्र कामावर हजर! परवा थोरल्या दादांनी मला विचारले, "आपलं गाव कोणतं?" तेव्हा तो सालगडी आठवला. दादांना अल्झायमर आहे.

मी आपला मराठी माध्यमाचा बी.ए. नातीकडून जे समजले, ते इतिहासाच्या अंगाने मांडतो.

1921 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे ऑटो लोवी यांना रात्री झोपेत प्रयोग सुचला. त्यांनी तो कागदावर खरडला, पण सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री पुन्हा सुचला, तसे ते थेट प्रयोगशाळेत गेले. नस चेतवून बेडकाचे हृदय मंद केले. त्यातला द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर टाकला, तर तेही मंदावले! म्हणजे नस रसायनातून बोलते. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. 1936 चे नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना विभागून मिळाले. धोत्र्यातली ॲट्रोपीनसारखी द्रव्ये हेच बोलणे तात्पुरते अडवतात.

मेंदूच्या तळाकडच्या काही पेशी हेच रसायन सोडतात आणि स्मरणाला हातभार लावतात. अल्झायमरमध्ये त्या पेशीच कमी होत जातात.

1983 साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत डुकराच्या आतड्यातून गॅलॅनिन वेगळे काढले गेले. ही 29 अमिनो आम्लांची साखळी. मज्जापेशी निरोपासाठी अशा साखळ्या वापरतात, त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. उंदरांच्या मेंदूत गॅलॅनिनमुळे ॲसिटिलकोलीन कमी सुटते असे दिसले. गलका करणाऱ्या वर्गाला मॉनिटरने "हळू" म्हणावे, तसे.

1988 साली व्हिक्टोरिया चॅन-पॅले यांनी दाखवले की, अल्झायमरच्या रुग्णांत उरलेल्या पेशींभोवती गॅलॅनिनच्या तंतूंचे जाळे दाट होते. मुले घटली आणि मॉनिटर वाढले! मग हा उरलेल्यांचा आवाज दाबतो की त्यांना सांभाळतो? पुढे गॅलॅनिन पेशींना तगायला मदत करते, असेही प्रयोगांत आढळले. वाद अजून मिटलेला नाही.

मला पाढे दादांनी शिकवले. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून, पण कधी चिडले नाहीत. मी मात्र त्यांच्यावर चिडलो आहे. परवा चिडलो नाही. म्हटले, "हट्ट्याचाच मी."

"मग आमच्या धाकट्याला ओळखत असाल?"

"ओळखतो की."

असो. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.