चिमठाण्याचा खजिना आणि अण्णांची गाडी

परवा दुपारी मोबाईलवर मेसेज आला, सोनगीर टोलला पैसे कापल्याचा. अण्णांच्या गाडीचा फास्टॅग माझ्या नंबरवर आहे. लगेच फोन लावला, "काय अण्णा, शिरपूरला निघालात वाटतं?" पलीकडे शांतता. मग अहिराणीत, "तुले कोनी सांगं?"

मी हसलो, पण त्यांचा सूर दुखावलेला होता. आणि त्यांनीच लहानपणी सांगितलेली चिमठाण्याची गोष्ट आठवली.

१४ एप्रिल १९४४. धुळ्याहून नंदुरबारला सरकारी खजिना निघाला होता, साडेपाच लाखांच्या आसपास. चिमठाण्याजवळ डॉ. उत्तमराव पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि साथीदारांनी गाडी अडवली आणि रक्कम प्रतिसरकारच्या लढ्यासाठी नेली. धाडस तर होतंच. पण मला नेहमी वाटतं, खरी लूट त्याआधीच झाली होती. गाडी कोणत्या दिवशी, कोणत्या रस्त्याने जाणार ही बातमी बंदोबस्त ओलांडून बाहेर पडली होती.

तेव्हा बातमी फुटायला माणूस लागायचा. आता गाडीच बोलते. फास्टॅग तसा गरीब, आत बॅटरीसुद्धा नाही. टोलवरच्या यंत्राच्या लहरी आल्या की तेवढ्यापुरता आपला नंबर सांगतो. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला. पण गाड्यांनी एकमेकींशी बोलावं म्हणून २०१० साली वाय-फायचंच एक भावंड, ८०२.११पी, ठरवलं गेलं. त्यात गाडी सेकंदाला दहादा आपली जागा, वेग, दिशा जाहीर करते, टक्कर होऊ नये म्हणून. खोटी हाळी कोणी देऊ नये म्हणून प्रत्येक संदेशावर डिजिटल सही. आणि गंमत बघा, सही आली की ओळख आली! रस्त्याकडेला ऐकत बसलेल्याला गाडीचा माग लागणार. म्हणून मग टोपणनावं: गाडीजवळ सह्यांचा गठ्ठा ठेवायचा आणि थोड्या थोड्या वेळाने सही बदलायची. भूमिगतांचीच रीत की ही!

(धोका नुसता माग लागण्याचा नाही. २०१५ साली अमेरिकेत मिलर आणि व्हॅलासेक या दोघांनी घरबसल्या, मोबाईल नेटवर्कवरून, हायवेवरची जीप बंद पाडून दाखवली. चौदा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.)

असो. फास्टॅगला टोपणनाव नसतं. रात्री बसून त्यावरचा माझा नंबर काढला, अण्णांचा घातला. शिरपूरला कशाला गेले होते, ते विचारलं नाही.