हलवायाच्या घरावर तुळशीपत्र : दानासाठी बोलणारे रॉकस्टार आणि लोकांचा राग

रॉक संगीताच्या श्रोत्यांनी आपल्या लाडक्या गायकांना काय काय माफ केले, याची यादी केली तर ती लांबत जाते. दारू, अमली पदार्थ, हॉटेलांच्या खोल्यांची नासधूस, मोडलेले संसार, बुडवलेले कार्यक्रम. हे सगळे पोटात घालणारा श्रोता एका गोष्टीवर मात्र हमखास चिडतो. गायकाने गाणे थांबवून जगातल्या गरिबांबद्दल बोलायला सुरुवात केली की त्याच्या कपाळावर आठी पडते. बॉब गेल्डॉफ आणि 'यू टू' या आयरिश बँडचा गायक बोनो, हे या रागाचे दोन मोठे धनी. त्यांची गाणी आवडणारी माणसेही त्यांचे नाव निघाले की "तो जरा गप्प बसेल तर बरे" असे म्हणतात.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. संगीताचा इतिहास मी तबकड्यांची आवरणे आणि रद्दीत मिळालेली विलायती मासिके वाचत शिकलो. त्यामुळे असेल, पण संगीताइतकाच त्यामागचा जमाखर्च मला खुणावतो. या रागाचाही असा जमाखर्च मांडता येईल का, हा या लेखाचा हेतू. त्यासाठी १९७१, १९८५ आणि २००० नंतरचा काळ असे तीन टप्पे घेतले आहेत.

पहिला टप्पा आपल्या जवळचा आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानला चक्रीवादळाने झोडपले आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. वर्षअखेरपर्यंत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पंडित रविशंकरांचे घराणे मूळचे पूर्व बंगालमधले. त्यांनी आपला शिष्य आणि मित्र, बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन, याच्याकडे मदतीचा विषय काढला. काही हजार डॉलर जमावेत एवढीच त्यांची अपेक्षा होती. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी आणि रात्री असे दोन कार्यक्रम झाले. सुमारे चाळीस हजार लोकांनी ते ऐकले. आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती बसले होते. वाद्ये सुरात लावून होताच टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा रविशंकरांनी हसत त्यांना जाणीव करून दिली, की वादन अजून सुरूच झालेले नाही.

तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट युनिसेफला गेले. खरी रक्कम तबकडी आणि चित्रपटातून येणार होती. पण कार्यक्रमाआधी धर्मादाय संस्थेशी रीतसर कागदपत्रे झाली नव्हती, म्हणून अमेरिकी करखात्याने लाखो डॉलर वर्षानुवर्षे अडवून ठेवले. ब्रिटिश सरकारने तबकडीवरचा खरेदीकर सोडला नाही. ज्या निर्वासितांसाठी हे सगळे झाले, ते बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर १९७२ मध्ये घरी परतले. पैशातला मोठा हिस्सा मात्र त्यानंतर अनेक वर्षांनी मोकळा झाला.

नुसता जमाखर्च पाहिला तर हा प्रयत्न ढिसाळ होता. तरीही हॅरिसनवर त्यासाठी फारसे कोणी रागावले नाही. त्याचे कारण त्याच्या बोलण्यात आहे, किंवा न बोलण्यात. आपल्या मित्राने मदत मागितली म्हणून आपण हे करतो आहोत, एवढेच त्याचे सांगणे होते. शिवाय तो मित्र मंचावर, सर्वांत पुढे, सतार घेऊन बसला होता. ज्यांचे दुःख, त्यांच्यातलाच एक माणूस ते दुःख घेऊन आला होता आणि हॅरिसन त्याच्या मागे उभा होता.

दुसऱ्या टप्प्यात हे चित्र उलटे झाले. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीवर मायकेल बर्क याचा इथिओपियातल्या कोरेम येथील दुष्काळाचा वृत्तांत दाखवला गेला. चित्रण मोहम्मद अमीन या केनियन छायाचित्रकाराचे होते. तो पाहून गेल्डॉफ हादरला. त्या वेळी त्याच्या 'बूमटाउन रॅट्स' बँडचे दिवस उतरणीला लागले होते. मिज युरच्या साथीने त्याने गाणे रचले, २५ नोव्हेंबरला लंडनमध्ये नामवंत गायक गोळा करून ते ध्वनिमुद्रित केले आणि नाताळापूर्वी बाजारात आणले. पुढे १३ जुलै १९८५ रोजी लंडनचे वेम्बली आणि फिलाडेल्फियाचे जेएफके स्टेडियम असा दोन खंडांतला 'लाइव्ह एड' झाला.

त्या दिवशी दूरदर्शनवर पैसे पाठवण्याचे पत्ते सांगितले जात असताना गेल्डॉफने निवेदकाला मध्येच तोडले आणि शिवी हासडून लोकांना आत्ताच्या आत्ता पैसे पाठवायला सांगितले. गंमत अशी की त्या प्रसंगाचे म्हणून जे वाक्य आज लोकांच्या तोंडी आहे, ते त्याने त्या शब्दांत उच्चारलेच नव्हते. शिवी होती, पैशाची मागणीही होती. ती जोडून तयार झालेले वाक्य लोकांनी रचले. माणसे चुकीचे वाक्य आठवतात तेव्हा त्या चुकीतून त्यांना काय जाणवले होते तेही कळते. आपल्याला कोणीतरी गचांडी धरून दान करायला लावले, ही भावना त्या न बोललेल्या वाक्यात गोठली आहे.

टीकाही लगेच सुरू झाली. 'चुंबावांबा' या इंग्लिश बँडने १९८६ मध्ये काढलेल्या तबकडीचे नावच 'उपाशी मुलांची चित्रे तबकड्या खपवतात' अशा अर्थाचे होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या 'स्पिन' मासिकाने मदतीचा पैसा इथिओपियात नेमका कोणाच्या कामी आला, असा प्रश्न विचारला. प्रश्न रास्त होता. हा दुष्काळ केवळ पाऊस न पडल्याने आलेला नव्हता. मेंगिस्तूचे लष्करी सरकार उत्तरेत बंडखोरांशी लढत होते आणि उपासमार हे त्या युद्धातले एक हत्यार होते. सरकारने लाखो लोकांना उत्तरेतून दक्षिणेकडे सक्तीने हलवले. त्यावर जाहीर टीका करणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांच्या संघटनेला, म्हणजे 'मेदसाँ साँ फ्राँतिएर'ला, डिसेंबर १९८५ मध्ये देशाबाहेर काढले. गेल्डॉफच्या गाण्यात मात्र युद्ध नव्हते, सरकार नव्हते. होती ती कोरडी जमीन आणि नाताळ. चौथ्या शतकापासून ख्रिस्ती परंपरा असलेल्या आणि ७ जानेवारीला आपला नाताळ साजरा करणाऱ्या देशाबद्दल, त्यांना नाताळ आला हे ठाऊक आहे का, असा प्रश्न त्या गाण्याच्या शीर्षकातच आहे.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मार्च २०१० मध्ये बीबीसीने मदतीचा पैसा बंडखोरांच्या शस्त्रांकडे वळल्याचा वृत्तांत दिला. त्यातून 'बँड एड'चा पैसाही तिकडे गेला असा समज झाला, आणि त्याबद्दल नोव्हेंबरमध्ये बीबीसीला जाहीर माफी मागावी लागली. आरोप जितका गाजला तितकी माफी गाजली नाही. रागाला पुरावा हवा असतो, पण पुरावा मागे घेतला गेला म्हणून राग मागे जात नाही.

तिसरा टप्पा बोनोचा, आणि माझ्या मते सर्वांत गुंतागुंतीचा. 'लाइव्ह एड'नंतर तो पत्नीसह इथिओपियातल्या एका छावणीत काही आठवडे काम करून आला. तेव्हा त्याने गाजावाजा केला नाही, आणि म्हणूनच हे फार थोड्यांच्या लक्षात आहे. तिथून त्याने जो धडा घेतला तो हिशेबाचा होता. मैफलीतून जमणारा पैसा आणि गरीब देश दरवर्षी कर्जफेडीपोटी देत असलेला पैसा यांची तुलना केली तर मैफल म्हणजे दर्यामें खसखस. म्हणून तो कर्जमाफीच्या 'ज्युबिली २०००' चळवळीत शिरला. आता तो श्रोत्यांकडे पैसे मागत नव्हता, सरकारांकडे मागत होता.

इथे आपल्याकडची एक म्हण नेमकी लागू पडते : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दुसऱ्याच्या मालावर तुळशीपत्र ठेवायचे आणि पुण्य आपल्या खात्यावर जमा करायचे. हॅरिसनने आपला वेळ दिला, गेल्डॉफने लोकांच्या खुशीचा पैसा मागितला; बोनो करदात्यांच्या पैशावर उदार झाला, असा त्याच्यावरचा आक्षेप. त्यात २००६ सालाने भर घातली. आयर्लंडमध्ये १९६९ पासून कलावंतांच्या सर्जनशील कामाच्या उत्पन्नावर करमाफी होती. सरकारने तिच्यावर वर्षाला अडीच लाख युरोची मर्यादा घालायचे ठरवले आणि 'यू टू'ने आपल्या गीतहक्कांचा व्यवसाय नेदरलँड्सला हलवला. सगळे कायदेशीर होते. पण इतर सरकारांनी तिजोरी उघडावी म्हणून जगभर फिरणाऱ्या माणसाने स्वतःच्या देशाच्या तिजोरीला चुकवावे, हे लोकांना पचले नाही. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' या म्हणीचा उत्तरार्ध सांगायची गरज नाही. २०११ मध्ये ग्लास्टनबरीच्या महोत्सवात बोनो गात असताना निदर्शकांनी कर भरण्याचे आवाहन करणारा भलामोठा फुगा उभारला. करस्पर्धेवरच आयर्लंडची भरभराट झाली, मग बँडनेच वेगळे का वागावे, हे बोनोचे उत्तर कोणाला पटले नाही. मलाही ते पटत नाही.

पण जमाखर्चाची दुसरी बाजू रिकामी ठेवता येत नाही. २००० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कर्जमाफीसाठी ४३.५ कोटी डॉलर मंजूर केले. जेसी हेल्म्ससारख्या कट्टर उजव्या सिनेटरला बोनो जाऊन भेटला. पुढे २००२ मध्ये हेल्म्सने एड्सबाबत आपण पुरेसे केले नाही याची जाहीर खंत व्यक्त केली. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी एड्सविरोधी 'पेपफार' योजनेसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर जाहीर केले. या योजनेने सुमारे अडीच कोटी जीव वाचवले, असा अमेरिकी सरकारचाच हिशेब आहे. हे एकट्या बोनोचे श्रेय नव्हे. डॉक्टर, रुग्णांच्या संघटना, चर्चची मंडळी असे कितीतरी हात त्यामागे होते. पण ज्यांनी त्यासाठी दारे ठोठावली त्यांच्यात तो होता. आणि नेमकी हीच दारे ठोठावल्याबद्दल डाव्या विचारांच्या श्रोत्यांनी त्याला झोडपले. इराकवर चाल करून जाणाऱ्या बुशसोबत छायाचित्र कसे काढतोस, हा त्यांचा सवाल.

तिन्ही टप्पे शेजारी ठेवले की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ज्याचा पैसा सर्वांत जास्त रखडला त्या हॅरिसनवर सर्वांत कमी राग आहे. ज्याच्या धडपडीचा परिणाम सर्वांत मोठा त्या बोनोवर सर्वांत जास्त. म्हणजे राग परिणामाकडे पाहून येत नाही.

मानसशास्त्रज्ञांनी याचा थोडा उलगडा केला आहे. येल विद्यापीठातल्या जॉर्ज न्यूमन आणि डेलियन केन यांनी २०१४ मध्ये दाखवले की परोपकारातून स्वतःचाही लाभ करून घेणारा माणूस लोकांना, परोपकार अजिबात न करता तोच लाभ घेणाऱ्यापेक्षा वाईट वाटतो. एखाद्या तरुणीवर छाप पाडण्यासाठी बेघरांच्या निवाऱ्यात काम करणारा तरुण, त्याच हेतूने कॉफीच्या दुकानात काम करणाऱ्यापेक्षा हीन ठरला. त्यांच्या एका प्रयोगात बोनोनेच २००६ मध्ये सुरू केलेल्या 'रेड' मोहिमेतले कपडे होते. कंपनी नफ्याचा काही भाग स्वतःकडे ठेवते म्हणताच लोकांचे मत बिघडले. पण तिने काहीच दिले नसते तरी चालले असते, याची आठवण करून देताच ते सुधारले. बेनोआ मोनँ आणि ज्युलिया मिन्सन यांच्या २०१२ च्या अभ्यासात मांसाहारी लोक शाकाहाऱ्यांना नावे ठेवतात असे दिसले. ते आपल्याला कमी लेखत असतील असे जितके वाटेल, तितकी जास्त. सत्पुरुष समोर आला की आपण आधी स्वतःचा बचाव करतो. आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानतात, त्यात दात्याच्या अहंकाराचा विचार आहेच. पण न देणाऱ्याची लाज झाकण्याचीही ती सोय असावी, असे मला वाटते.

मात्र सगळा राग असा मनाचा खेळ म्हणून निकालात काढता येत नाही. त्यात एक आक्षेप सच्चा आहे, आणि तो करातल्या लबाडीपेक्षाही मोठा आहे : कोणाच्या वतीने कोण बोलतो? २ जुलै २००५ च्या 'लाइव्ह ८'मध्ये विषय आफ्रिकेचा होता, पण बहुतेक आफ्रिकी कलावंतांना लंडनच्या मुख्य मंचाऐवजी कॉर्नवॉलमधल्या वेगळ्या मैफलीत जागा मिळाली. २००७ मध्ये टांझानियातल्या अरुशा येथे युगांडाचा पत्रकार अँड्र्यू म्वेंडा परदेशी मदतीवर टीका करत असताना श्रोत्यांत बसलेल्या बोनोने मध्येच त्याला हटकले. २०१४ मध्ये 'बँड एड'चे गाणे इबोलासाठी पुन्हा गायले गेले, तेव्हा घानाच्या वंशाचा गायक फ्यूज ओडीजी याने त्यात गायला नकार दिला. त्या शब्दांतून दिसणारी आफ्रिका त्याला ओळखीची वाटत नव्हती. १९७१ मध्ये रविशंकर मंचावर पुढे होते. तेवढी एक जागा नंतरच्या मंडळींनी रिकामी ठेवली.

हा फरक करायला हवा, कारण तो न केल्याची किंमत गायक मोजत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारने परदेशी मदत गोठवली; 'पेपफार'ची औषधे वाटणारी केंद्रेही त्यात सापडली आणि १ जुलैला 'यूएसएड' ही संस्थाच मिटली. त्या वर्षी मे महिन्यात बोनोने या कपातीतून होणाऱ्या मृत्यूंबद्दल जाहीरपणे बोलताच इलॉन मस्क यांनी त्याला खोटारडा ठरवले आणि काही दिवस चर्चा रंगली ती बोनोचीच : त्याच्या चष्म्याची, त्याच्या कराची, त्याच्या उपदेशाची. त्याला फटकारण्याचे समाधान अनेकांनी घेतले. त्या चर्चेत दवाखान्याच्या बंद दारापाशी रिकामी पिशवी घेऊन उभी असलेली बाई कुठेच नव्हती. तिचा बोनोशी काही संबंध नाही. त्याचे गाणे तिने कधी ऐकलेही नसेल. तिला महिन्याच्या गोळ्या हव्या होत्या.